तीन मागांचा प्रश्न : कामगार संघटना आणि कृत्रिम बुद्धिमत्ता



कामगार संघटनांनी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जे ठराव केले, जी निवेदनं दिली, ती शेजारी शेजारी ठेवून वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. देश बदलतो, धंदा बदलतो, पण तीन वाक्यं काही बदलत नाहीत. या तंत्रामुळे कुणाची नोकरी जाता कामा नये, हे पहिलं. कामगारांना नव्या कौशल्यांचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, हे दुसरं. आणि तिसरं, अंतिम निर्णय माणसाचाच असला पाहिजे. पहिल्या दोन वाक्यांवर पुष्कळ बोललं जातं, त्यांची चर्चा आज आपण करणार नाही. आपण पाहणार आहोत ते तिसरं वाक्य, कारण आमच्या मते संघटना चुकतात त्या तिथे. ते वाक्य इतकं निर्विवाद दिसतं की त्याला विरोध कोण करणार? मालकही करत नाहीत. आणि ज्या मागणीला समोरचा पहिल्याच बैठकीत मान डोलावतो, ती मागणी जरा पुन्हा वाचून पाहावी.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. शब्दाचा अर्थ विचारायची आमची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. तेव्हा विचारू या की ‘अंतिम निर्णय माणसाचा’ म्हणजे नेमकं काय? कल्पना करा की एका बँकेत कर्जाचे अर्ज तपासणारा एक अधिकारी आहे. पूर्वी तो दिवसाला पंधरा-वीस अर्ज पाहायचा. कागद चाळायचा, शंका आली तर अर्जदाराला बोलावून घ्यायचा. आता यंत्र प्रत्येक अर्जाला गुण देतं आणि दीडशे अर्ज त्याच्या पडद्यावर येतात. काही हिरवे, काही लाल. अधिकाऱ्याने फक्त मान्य करायचं. यंत्राशी सहमत असेल तर काही लिहावं लागत नाही. असहमत असेल तर कारण लिहा, वरिष्ठांना कळवा. दुपारी चारपर्यंत दीडशे संपवायचे आहेत. आता हा माणूस काय करेल? आपण काय केलं असतं? आणि समजा वर्षभराने त्यातलं एक कर्ज बुडालं, तर चौकशी कुणाची होणार? सही ज्याची आहे त्याची.

म्हणजे ठरावातलं वाक्य इथे तंतोतंत पाळलं गेलं आहे बरं का. अंतिम निर्णय माणसाचाच आहे. फक्त निर्णय ज्याला म्हणावा असं त्यात काही उरलेलं नाही. नाही म्हणण्याची मोकळीक, नाही का म्हणायचं हे कळण्याइतकी माहिती आणि ती माहिती पाहायला वेळ, हे नसेल तर सहीला निर्णय म्हणता येत नाही. ठपका ठेवायला माणूस आणि ठरवायला यंत्र, अशी ही विभागणी आहे. संघटनेने जे संरक्षण म्हणून मागितलं ते मालकाच्या सोयीचं ठरलं.

आता ही अडचण काही आजची नाही. मुंबईला तर ती शंभर वर्षांची ओळखीची आहे.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या संपात मजुरीचे, तासांचे बरेच प्रश्न होते, पण एक प्रश्न मोलाचा. विणकर तोवर दोन माग सांभाळत असे. गिरणगावात मागाला साचा म्हणत. मालकांना ‘रॅशनलायझेशन’ हवं होतं, म्हणजे एका विणकराने तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू. वरवर पाहता युक्तिवाद आजच्यासारखाच होता. यंत्र काम करतं, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. दोनावर ठेवतो तसं तीनावर ठेवील.

कामगारांचं यावरचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. यंत्र नको असं ते म्हणत नव्हते. ते म्हणत, सूत कसलं देता ते आधी सांगा. कापूस हलका मिसळला की सूत तुटतं. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून तो सांधावा लागतो, धोट्यातली कांडी संपली की बदलावी लागते. सूत चांगलं असेल तर माणूस तीन मागांवर एखादवेळ निभावून नेईल. वाईट सुतावर दोनही भारी पडतात. आणि कापडात दोष राहिला की दंड विणकराच्या पगारातून. पाहा, यात सगळं आलं. लक्ष ठेवणं हे काम आहे, त्याला मर्यादा आहे, ती मर्यादा समोर येणाऱ्या मालाच्या दर्जावर ठरते, आणि दोष राहिला तर भरपाई कुणी करायची हा हिशेब त्याला जोडलेला आहे. हे कुठल्या पदवीधराने शिकवलेलं नव्हतं. मागापुढे उभ्या राहणाऱ्याला ते ठाऊक होतं, आणि संघटनेने ते वाटाघाटीच्या टेबलावर नेलं. संप मिटला तो फॉसेट समितीने चौकशी करावी या बोलीवर. पुढच्या वर्षीचा संप फसला, ही गोष्टही सांगितली पाहिजे. पण प्रश्न बरोबर विचारला गेला होता.

तो प्रश्न विरला नाही. १९५७ च्या जुलैत दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतनाच्या निकषांसाठी ही परिषद आपल्याकडे आठवली जाते. पण तिथेच रॅशनलायझेशनबद्दल तीन अटींवर एकमत झालं होतं. असलेल्या कामगारांची कपात नको, त्यांच्या कमाईत घट नको, ही पहिली. फायदा मालक, कामगार आणि समाज यांच्यात न्याय्य वाटला जावा, ही दुसरी. आणि तिसरी अशी की कामाचा बोजा किती, हे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी मोजावं. ही तिसरी अट म्हणजे तीन मागांचा प्रश्नच. पुढे झालं असं की पहिली अट सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि तिसरी विस्मरणात गेली.

ती कशी गेली, हे बँकांच्या उदाहरणात चांगलं दिसतं. पण त्याआधी आयुर्विम्याचा उल्लेख केला पाहिजे. १९६० च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडाडून विरोध केला. कलकत्त्याच्या इलाको हाऊससमोर यंत्र आत येऊ नये म्हणून पहारे बसले. वाद इतका पेटला की सरकारने १९६९ मध्ये ‘ऑटोमेशन’वर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर. अहवाल १९७२ चा. त्या काळच्या विरोधाची आज टिंगल होते, ‘संगणकाला विरोध करणारे ते कामगार’ म्हणून. ती टिंगल आम्हाला पटत नाही. देशात बेकारी असताना पदं कमी करणारं यंत्र कशासाठी, हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता.

बँकांनी वेगळा मार्ग धरला. १९८३ च्या सप्टेंबरात इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रं मर्यादित, कपात नाही, यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता. शाखेत जे यंत्र आलं त्याचं नाव ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द टाळण्यासाठी हे लांबलचक नाव घेतलं असं सांगतात. मग रंगराजन समितीचा अहवाल आला, १९८७ ला आणि १९९३ ला आणखी करार झाले, आणि दर वेळी मर्यादा थोडी थोडी सैल झाली.

या करारांकडे संघटना अभिमानाने पाहतात. यंत्र आलं आणि कुणालाही काढलं नाही, हे खरंच आहे. पण हिशेब पुरा मांडू या. २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. कुणाची कपात झाली नाही, माणसं मात्र कमी झाली. जो आत होता त्याला रक्कम मिळाली. जो अजून आत आलाच नव्हता, बी.कॉम. होऊन जाहिरातीची वाट पाहत बसला होता, त्याच्या वतीने टेबलावर कुणीच नव्हतं. संघटना सदस्यांची असते, हे मान्य. पण पद हे एका सदस्याच्या मालकीचं नसतं. त्याच्यानंतर त्यावर कुणीतरी बसायचं असतं.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. त्या काळात शाखेतल्या माणसाकडे एक जाण होती. सही ओळखणं, कोणत्या दुकानदाराचा हात दिवाळीनंतर मोकळा असतो हे ठाऊक असणं, कुणाचा चेक परत गेला तरी तो माणूस बुडवणारा नाही याची खात्री असणं. या जाणिवेत पूर्वग्रहही होते, जातीपातीचेही होते, ते आपण झाकायचं कारण नाही. तरीही तो निर्णय होता आणि त्याबद्दल त्या माणसाला जाब विचारता येत होता. संगणकीकरणाच्या पुढच्या टप्प्यात खाती केंद्रीय प्रणालीत गेली, कर्जमंजुरीही बऱ्याच ठिकाणी शाखेतून केंद्रीय कक्षात गेली. पदांचा हिशेब करारात होता, भत्त्याचा होता. निर्णय कुठून कुठे सरकतो आहे, याचा हिशेब त्या वाटाघाटींचा गाभा कधीच नव्हता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे संघटना उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या हातात हाच १९८३ चा नमुना असतो.

या नमुन्याने किती अनर्थ होऊ शकतो, हे पाहायला थोडं बाहेर जाऊ. उदाहरण ब्रिटनच्या पोस्टाचं आहे. ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाही, साध्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं आहे, हे आधीच सांगतो. पण सही माणसाची आणि नोंद यंत्राची असली की काय होतं, हे त्यात उघडं दिसतं.

१९९९ पासून ब्रिटिश पोस्ट ऑफिसने शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची प्रणाली बसवली. फुजित्सू कंपनीची. छोट्या शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर रोजचा हिशेब तिच्यावर करत. प्रणालीत दोष होते. गल्ल्यात नसलेली तूट ती दाखवायची. करार असा की तूट आली तर भरायची पोस्टमास्टरने. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. संगणक नीट चालतो आहे असं तिथली न्यायालयं गृहीत धरत आणि तो बिघडला हे दाखवायचं ओझं आरोपीवर येई. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा की या पोस्टमास्तरांची एक संघटना होती, नॅशनल फेडरेशन ऑफ सबपोस्टमास्टर्स. सदस्य येऊन सांगत होते की यंत्र चुकतं आहे. संघटनेच्या नेतृत्वाने २०१५ साली संसदीय समितीपुढे सांगितलं की प्रणाली भक्कम आहे. तिला निधी पोस्ट ऑफिसकडूनच मिळत होता, आणि ती स्वतंत्र नाही हे न्यायालयानेही पुढे नोंदवलं. नुसत्या पैशावर बोट ठेवून मात्र आपण सुटणार नाही. हजार ठिकाणी हजार माणसं एकेकटी म्हणत होती, ‘माझंच काहीतरी चुकत असेल.’ त्यांना एकत्र बसवून, तुझ्याकडे तूट कोणत्या दिवशी आली, तुझ्याकडे कधी, असं विचारणं हे संघटनेचं काम. ते काम म्हणजे एक प्रकारचं ज्ञाननिर्माण आहे. संघटना आपल्याला फक्त सौदा करणारी संस्था वाटते. ती कामाबद्दलचं सत्य गोळा करणारी संस्थाही असते, निदान असायला हवी. १९२८ च्या विणकरांनी तुटणाऱ्या सुताबद्दल हेच केलं होतं.

म्हणून, संघटना कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचं ज्ञान कुठून घेतात, हेही पाहावं लागतं. अमेरिकेतल्या एएफएल-सीआयओ या महासंघाने डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी भागीदारी जाहीर केली. कामगार नेत्यांना या तंत्राची माहिती द्यायची, हा तिच्यातला एक हेतू. माहिती घ्यावी, जरूर घ्यावी. पण दुकानदाराकडून मालाची माहिती घेताना आपल्याजवळ आपला तराजू असावा लागतो.

त्याच वर्षी, त्याच देशात, दुसऱ्या एका संघटनेने वेगळा प्रश्न विचारला, आणि तो आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटतो. चित्रपट आणि मालिकांच्या लेखकांची रायटर्स गिल्ड. २ मे २०२३ पासून १४८ दिवस संप, साडेअकरा हजार लेखक. बातम्यांमध्ये आलं की लेखकांनी यंत्र रोखलं. करार वाचला तर तसं दिसत नाही. लेखक कंपनीच्या संमतीने यंत्र वापरू शकतो. कंपनी त्याला वापरायला भाग पाडू शकत नाही. कंपनीने दिलेल्या मजकुरात यंत्राने तयार केलेलं काही असेल तर तसं सांगितलं पाहिजे. आणि कळीचं कलम हे, की यंत्राने तयार केलेला मजकूर ‘लेखन’ मानला जाणार नाही.

हे व्याख्येचं कलम आहे. व्याख्या म्हटली की लोकांना वाटतं, झालं, प्राध्यापकी सुरू झाली. पण इथे व्याख्येत रोकडा पैसा आहे. या धंद्यात पहिला खर्डा लिहिण्याचं मानधन जास्त आणि दुसऱ्याचा खर्डा सुधारण्याचं कमी. कंपनी उद्या यंत्राचा खर्डा पुढे ठेवून म्हणाली असती, ‘तुम्ही फक्त जरा सुधारा,’ तर लेखकाचं काम तेच राहिलं असतं, कदाचित वाढलंही असतं, आणि त्याचं नाव आणि दाम मात्र सुधारकाचं झालं असतं. आपल्याकडे मराठीत अनुवाद करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. यंत्राचा कच्चा अनुवाद येतो, ‘फक्त तपासायचा आहे’ म्हणून दर कमी दिला जातो, आणि तपासताना वाक्य न् वाक्य नव्याने लिहावं लागतं. दोष राहिला तर नाव अनुवादकाचंच. अनुवादकांची संघटना नाही, त्यामुळे ‘तपासणं’ या शब्दाची व्याख्या गिऱ्हाईक करतं. गिल्डने नोकऱ्या मोजत बसण्याआधी, देखरेखीच्या नावाखाली आपलं काम पळवलं जाणार नाही याचा बंदोबस्त केला. लेखकांच्या जुन्या लेखनावर यंत्रं शिकवली जातात त्याचं काय, हा प्रश्न तिला सोडवता आला नाही. त्यावरचा हक्क राखून ठेवण्यापलीकडे ती गेली नाही. तिची ताकद मोठी, धंदा छोटा, हेही खरं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तुम्ही निर्णय, व्याख्या असल्या गोष्टी बोलता. इथे माणसाची नोकरी जाते आहे, आधी ती वाचवू द्या. ठीक. मग नोकरी कशी जाते ते पाहू. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. कंपनीचं म्हणणं होतं की हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून आहे. खरं कोणतं, याचा निवाडा आपण इथे बसून करू शकत नाही. पण संघटनेची अडचण समजून घ्या. औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ‘ज्यामुळे कपात होण्याचा संभव आहे असं रॅशनलायझेशन’ करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या सूचनेचं कलम आहे. दोन्हीकडे कामगाराच्या हाती जो आकडा येतो तो कपातीला अडकवलेला. यंत्र आणि कपात यांचा संबंध मालकाने नाकारला की आकडा निसटला. आणि हे यंत्र काही गेटमधून ट्रकवर लादून येत नाही. रात्री सॉफ्टवेअर अद्ययावत होतं, सकाळी कामाचा बोजा बदललेला असतो. ज्याने बोज्याची नोंद ठेवली आहे त्यालाच तो बदल दाखवता येईल. तेव्हा निर्णयाचा आणि बोज्याचा प्रश्न ही पोट भरल्यावरची चैन नाही. नोकरी वाचवायलासुद्धा हातात धरण्यासारखं तेवढंच उरतं.

जर्मनीत १९७२ पासून असं आहे की कामगाराच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकणारं तांत्रिक साधन बसवायचं तर कामगार परिषदेची संमती लागते. कपात होवो न होवो. २०२१ मध्ये त्यात भर पडली की कृत्रिम बुद्धिमत्ता तपासायची असेल तर परिषदेला तज्ज्ञ घेता येतो आणि त्याचा खर्च मालकावर. १९५७ ला आपण जे कागदावर लिहिलं, त्याच्या जवळ जाणारं हे आहे.

एक वर्ग मात्र असा आहे की त्याच्याबाबतीत ते तिसरं वाक्यही मोठी मिळकत ठरेल. घरपोच खाणं आणणारी मुलं. त्यांचं काम वाटणारं, दर ठरवणारं आणि खातं बंद करणारं एक अॅप. बोलायला माणूसच नाही. तिथे ‘निर्णय माणसाने घ्यावा’ ही मागणी पोकळ नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने अशा कामगारांना काढण्यापूर्वी कारणासह सूचना आणि स्वयंचलित निर्णयांबद्दल माहिती, एवढं तरी कायद्यात आणलं. महाराष्ट्रात मुंबई आहे, पुणे आहे, आणि हा विषय आपल्याकडे अजून हवा तेवढा ऐरणीवर आलेला नाही.

शेवटी पुन्हा बँकांकडे येऊ, कारण तिथे संघटना आहे, टेबल आहे आणि तारीखही आहे. बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ ला झाला. चर्चा झाली ती १७ टक्के वाढीची आणि पाच दिवसांच्या आठवड्याची. त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपते, म्हणजे पुढच्या मागणीपत्राचा मसुदा त्याआधी लिहिला जाणार. त्यात ‘अंतिम निर्णय माणसाचा’ हे वाक्य येईलच. त्याच्या खाली आणखी काही ओळी हव्यात. यंत्राने सुचवलेली किती प्रकरणं एका माणसाने एका दिवसात पाहायची. यंत्राच्या विरुद्ध जाताना जेवढं लिहावं लागतं तेवढंच त्याच्या बाजूने जाताना का लिहावं लागू नये. आणि पुरेसा वेळ न देता घेतलेल्या सहीबद्दल सही करणाऱ्याची खातेनिहाय चौकशी होणार की नाही. या ओळींमध्ये आकडे लागतील, आणि ते आकडे कोणत्याही सल्लागार कंपनीकडे मिळणार नाहीत. आपल्यापुढे दिवसाला किती प्रकरणं येतात, किती वेळा आपण यंत्राला नाही म्हटलं, आणि म्हटलं तेव्हा पुढे काय झालं, हे प्रत्येक शाखेतल्या माणसाला आजपासून टिपून ठेवता येईल. ग्राहकाचं नाव लिहायचं नाही, फक्त संख्या. एक वही पुरते.

प्रश्न असतील तर आता घेऊ.